फुसका बार

अमेरिकेत दादाकडे राहायला गेले होते. पिस्तुलाची काडतुसं तो घरीच भरायचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या नव्या गोळ्या किती नेमक्या लागतात ते पाहायला तो नेमबाजीच्या मैदानावर निघाला, तेव्हा मीही सोबत गेले. प्रत्येक बाराला मी कानांवरचे हात आणखी घट्ट दाबत होते. दादा मात्र खुशीत होता, कारण समोरच्या कागदावर भोकं अगदी जवळजवळ पडत होती.

मग एक बार नुसताच फुसकन वाजला. कागदावर नवं भोक दिसेना. दादाने पुन्हा नेम धरला.

"दादा, थांब! गोळी गेलीच नाही!" मी किंचाळले.

त्याने पिस्तूल उघडून पाहिलं. गोळी नळीतच अडकली होती.

"यात दारू भरायचीच राहिली. बुडाशी ठिणगी पडते, तेवढ्याच धक्क्याने गोळी नळीत सरकली," तो पुटपुटला. "पुढची झाडली असती तर हिच्यावर आदळून पिस्तूल हातातच फुटलं असतं गं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. परक्याने केलेली वस्तू आपण उलटसुलट करून पाहतो, पण आपल्या हातचं म्हटलं की डोळे मिटून विश्वास टाकतो. त्या विश्वासाचीच मला तेव्हा भीती वाटली.

उरलेली काडतुसं समोर होती. सगळी अगदी सारखी दिसत होती. त्यांत आणखी एखादं बिनदारूचं आहे का, ते दादालाही सांगता येत नव्हतं.