अप्पांनी उभी केलेली बाई

शिवलिंगअप्पा रांगेत शिरले की रांग बिथरायची. अप्पा पुढे बघतच नसत. लोकांच्या पायांकडे बघत. निलंग्याच्या एसटी स्टँडवर पाय बघण्याच्या नादात त्यांनी एकदा अकरा बस सोडल्या, आणि बाराव्या बसच्या कंडक्टरला विचारलं, "मामा, डावा गुडघा दुखायलाय काय?" दुखतच होता. कंडक्टरनं त्यांना लातूरपर्यंत स्वतःच्या सीटवर बसवून आणलं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीपासून मुतारीपर्यंतच्या पाट्या अप्पांनीच रंगवल्या होत्या. म्हातारपणी ते माझ्या कार्टूनच्या, म्हणजे ॲनिमेशनच्या, दुकानात आले, आणि महिन्याभरात मलाच कॉम्प्युटर शिकवू लागले. माझी माणसं पडद्यावर विजेच्या खांबासारखी उभी राहत. अप्पा म्हणत, "माणूस उभा कुठं ऱ्हातो लेका? पडता पडता सावरतो. एक पाय थकला की दुसऱ्याला म्हणतो, घे बाबा आता तू."

इथवर थोडं फुगवून सांगितलं. पुढचं जसंच्या तसं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात अप्पांची बायको महादेवी टँकरच्या रांगेतच कोसळली आणि गेली. मागे फोटो एकच, आधार कार्डावरचा, नुसता चेहरा. "उभी कशी ऱ्हायची ते इसरायच्या आत करतो," म्हणाले, आणि तिला पडद्यावर टँकरच्या रांगेत उभी करायला बसले.

दोन महिने जमेना. कमरेवर घागर, अंग एका बाजूला कललेलं, सगळं बिनचूक.

"चांगली झाली की, अप्पा."

"चांगली हाय. आमची न्हाई."

एका सकाळी ते टँकरच्या रांगेवरून घामाघूम होऊन आले. "येडेच हाव आपण. भरल्या घागरीचं वजन दिलंय तिला. रांगेत घागर भरलेली कुठून आसंल?"

वजन काढलं. कंबर सरळ झाली, रिकामी घागर बोटांना लोंबू लागली. बाईनं भार डाव्या पायावरून उजव्यावर घेतला, मग पुन्हा डाव्यावर. अप्पांनी चष्मा काढला.

म्हणाले, "लई वेळची उभी हाय रे. बसव तिला."

उभ्या माणसाला बसवणं आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड. मी म्हणालो, "महिना लागेल, अप्पा."

"लागू दे."

अप्पा आठवडाभरात गेले.

मी अजून बसवतोच आहे. गुडघे वाकेपर्यंत जमतं. पुढे ती जमिनीला हात टेकून बसायची की पदर सावरत, हे मी अप्पांना विचारलंच नव्हतं.