वरच्या फळीवरची रम

रमबद्दल क्लेम हॅकेटचं काय मत आहे, हे टुलाबी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रेल्वे हॉटेलात कुणी परगावचा पाहुणा वरच्या फळीकडे बोट दाखवून "ती मेरिडियन द्या" म्हणाला, की क्लेमने घसा खाकरलाच म्हणून समजा.

"साहेब, मळी आमच्याच कारखान्याची. मगरमध्ये तीच, मेरिडियनमध्ये तीच. तुम्ही पैसे मोजताय ते बुचाचे आणि लाकडी खोक्याचे. खोकं घरी नेऊ देणार असतील तर घ्या खुशाल. मोजे ठेवायला बरं पडतं."

'मगर' म्हणजे स्वस्तातली रम. तिची बाटली बारच्या भिंतीवर उलटी टांगलेली असायची, खाली मापाची तोटी. ग्लास लावला की काम झालं. मेरिडियन मात्र खोक्यात बसून वरून सगळ्यांकडे बघायची, सासरी आलेल्या श्रीमंताच्या लेकीसारखी.

क्लेमच्या शेजारी बसलेला साल्वू झाम्मित या मतावर मान डोलवायचा. "आणि महागडी पिऊनही सकाळी डोकं दुखलं, तर दुःख दुप्पट."

क्लेमने उभी हयात उसाच्या गाडीचं इंजिन चालवलं. शेतातून कारखान्यात ऊस आणणारी ती छोटी गाडी. वेग असा, की कुत्रं शेजारून चालत यायचं आणि कंटाळून पुढे निघून जायचं. त्याची बायको बेरिल एका गळीत हंगामात घर सोडून गेली, तेव्हा क्लेम म्हणाला होता, "तिचंही खरंच आहे. मी घरी जायचो ते झोपायला आणि अंगावरची राख सांडायला." त्यानंतर त्याने तिच्याविषयी कधी वाकडा शब्द काढला नाही. सरळही काढला नाही.

साल्वू माल्टाचा. त्याचं बेताचं उसाचं रान रुळाला लागूनच होतं. एकदा क्लेमच्या गाडीचा डबा तिथेच घसरला, आणि क्रेन येईपर्यंत साल्वूच्या बायकोने, कार्मेनाने, त्याला चीज भरलेल्या गरम पास्तित्सी खाऊ घातल्या. क्रेन दुपारी आली. क्लेम संध्याकाळपर्यंत बसला. त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी दोघे रेल्वे हॉटेलात.

टुलाबीत दारू एकट्याने पितात ती दुखणेकरी माणसं. बाकीचे फेरीने पितात. एक फेरी तुझी, एक माझी. आणि दुसऱ्याच्या फेरीत त्याच्यापेक्षा महागडं मागवायचं नाही, हा कायदा. मोडलेली लग्नं गाव वर्षभरात विसरतं, हे विसरत नाही. कारखान्यातल्या एका फिटरने ऐन तारुण्यात ही चूक केली, तर त्याला मरेपर्यंत 'वरची फळी' म्हणत. थडग्याच्या दगडावरही तेच यायचं, बायको आडवी आली म्हणून राहिलं.

आता क्लेमचं गुपित. सुरुवातीला दोघेही मेरिडियनच प्यायचे. क्लेमला ती फार आवडायची. मग कार्मेनाचं दुखणं निघालं. साल्वूने आधी ट्रॅक्टर विकला, मग रानाचा तुकडा. एका शुक्रवारी साल्वू काउंटरशी उभा राहून तळहातावरची नाणी नुसती फिरवत होता. क्लेमने ते पाहिलं, आणि बारवाल्या नोलीनला मोठ्याने म्हणाला, "आपल्याला मगर दे गं. त्या वरच्या फळीवरचीला हल्ली साबणाचा वास येतो."

पुढे कार्मेना गेली. साल्वूने रान खंडाने दिलं, हात सैल झाला. पण तोवर क्लेमचं मत पक्कं होऊन बसलं होतं. खोटं एकदा बोललं तर खोटं असतं. दर शुक्रवारी बोललं की त्याचं मत होतं.

आणि आता साल्वू निघाला होता. गुडघे गेले, म्हणून लेक रीटा त्याला कायमचं आपल्या घरी, दूर डोंगरावरच्या टूवूम्बाला नेणार होती. रविवारी गाडी घेऊन येणार. म्हणजे हा शुक्रवार शेवटचा.

क्लेमच्या मनात एकच होतं. जाण्याआधी साल्वूच्या घशाखाली एक ग्लास चांगली रम जावी. पण उघड मागवावी, तर इतकी वर्षं आपल्यावर दया दाखवली गेली हे साल्वूला कळणार. साल्वू असा माणूस, की मेलेल्या माणसाचंही उसनं अंगावर ठेवत नसे. दोस्तीचा शेवटचा घोटच कडू व्हायचा.

गुरुवारी दुपारी बार रिकामा बघून तो नोलीनकडे गेला.

"उद्या माझ्या फेरीत मेरिडियन ओत. दोघांनाही. बाटली खाली लपवून ठेव, आणि मगर म्हणून दे."

नोलीन कोरडाच ग्लास बराच वेळ पुसत राहिली. "बरं. आणखी काही?"

"हसू नकोस."

"मी कुठं हसतेय?"

शुक्रवारी साल्वू इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत आला. कारखाना जोरात चालू होता. उसाची काळी राख दारातून आत येऊन काउंटरवर बसत होती.

"शर्ट कुणाच्या लग्नाचा रे?" क्लेम म्हणाला.

"माझ्याच. तेव्हा सैल व्हायचा."

वरच्या फळीवर मेरिडियनचं खोकं तेवढं उरलं होतं, झाकण उघडं. साल्वूची नजर तिकडेच जाणार असं क्लेमला सारखं वाटत होतं. "नोलीन, दोन मगर," तो गरजेपेक्षा जोरात म्हणाला. मगर भिंतीवर टांगलेली. तिच्यासाठी कुणाला वाकावं लागत नाही. नोलीन काउंटरखाली वाकली तशी क्लेमने घाईघाईने खिडकीकडे बोट केलं. "तो धूर बघ. आज काळा नाही वाटत?"

साल्वूने धूर बघितला. अगदी मन लावून बघितला.

ग्लास आले. क्लेमने घोट घेतला. काकवीच्या कढईवरची वाफ, मग जुन्या लाकडाचा वास, आणि शेवटी छातीत सावकाश पसरत गेलेली ऊब. इतकी वर्षं ही बाई वर बसून होती आणि आपण तिला नावं ठेवत होतो. त्याचे डोळे मिटायला लागले. त्याने ते झटकन उघडले.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

साल्वूने घोट तोंडात धरून ठेवला होता. तो गिळायला त्याने बराच वेळ घेतला. "नेहमीचीच," तो म्हणाला. "मगर ती मगर."

"बुचाचे पैसे वाचतात."

"वाचतात खरे."

क्लेमचा जीव भांड्यात पडला. ग्लास संपले. आता साल्वूची फेरी.

"नोलीन, दोन मगर," साल्वू म्हणाला, आणि काठीने खिडकीकडे दाखवलं. "क्लेम, तो धूर बघ रे. मघापेक्षा काळा झालाय."

क्लेमने बघितलं. धूर होता तसाच होता, पांढुरका. मागे काउंटरखाली बाटलीला बाटली लागल्याचा आवाज झाला.

त्याने ग्लास ओठांना लावला. तीच काकवी, तेच लाकूड. त्याने नोलीनकडे पाहिलं, तर ती पाठ करून कोरडे ग्लास पुसत होती. साल्वू धुराकडेच बघत होता.

"कशी आहे?" साल्वूने विचारलं.

"नेहमीचीच," क्लेम म्हणाला. 

"साबणाचा वास येतोय का?"

क्लेमने ग्लास खाली ठेवला. काउंटरवरच्या राखेत तो बोटाने रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "नाही. साबण बदलला असेल त्यांनी."

"त्या दिवशी घरी जाऊन मी कार्मेनाला सांगितलं, क्लेमच्या नाकाला काहीतरी झालंय. ती म्हणाली, नाक चांगलं आहे त्याचं."

"मग पैसे आल्यावर बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू त्या फळीशी इतक्या जिवाने भांडायचास. म्हटलं, म्हाताऱ्याचं आयुष्यात एकच मत आहे, तेही कशाला काढून घ्या."

नोलीनच्या खांद्यांवरून ती हसतेय की काय करतेय ते कळत नव्हतं. "हा बुधवारीच येऊन गेला," ती न वळता म्हणाली. "तू गुरुवारी आलास. दोघांनीही मला हसू नकोस म्हणून बजावलं."

क्लेमने ग्लास पुन्हा उचलला. मग विचारलं, "खरं सांग. एवढ्या किमतीची आहे का ती?"

साल्वूने ग्लास उजेडात धरला. "आहे," तो म्हणाला. "जवळजवळ." आणखी विचार करून म्हणाला, "पण मगरलाही मी कधी वाईट म्हणणार नाही."

"मीही नाही."

दोघांनी ग्लास सावकाश संपवले. उठताना साल्वूने काठीने वरच्या फळीकडे खूण केली.

"नोलीन, ते रिकामं खोकं दे मला. टूवूम्बाला थंडी फार असते म्हणतात."

"खोक्याने थंडी जाते?" नोलीन म्हणाली.

"मोजे ठेवीन," साल्वू म्हणाला.

खोकं क्लेमनेच काखेत मारलं, आणि साल्वूच्या चालीने चालत त्याला दारापर्यंत नेलं.