ऐकून घेणारी

आमच्या कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर एक गवळीमामा म्हैस उभी करून समोरच धार काढून द्यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. हात कासेला आणि तोंड मंत्र्यांवर सोडलेलं. "पोटं बघा की एकेकाची!" मग मला ग्लास देताना म्हणायचे, "आनि ह्या ताई बघा, नुसती तुरकाटी! वाऱ्यानं उडून जाशीला." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचे.

एका निवडणुकीत त्यातलंच एक पोट कट्ट्यावर आलं. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी अर्ध्या ग्लासावरच थांबले. मामांनी टोपी सारखी केली, दोन्ही हातांनी ग्लास पुढं धरला आणि मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, लई वाळलासा की."

गाड्या गेल्यावर मी विचारलं, "मामा, पोटाचं काय बोलला न्हाईसा?"

"त्यो ऐकून घेतोय व्हय? तुमी घेतासा."

मी उरलेलं दूध संपवून ग्लास खाली ठेवला. "मामा, म्हस लई वाळलीया तुमची."

गिऱ्हाईक हसलं. ते हसले नाहीत. कितीतरी वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, जणू माझं बोलणं तिलाच लागलं होतं.