मनिरामच्या गाडीवरचा मोहर

गोंदियाजवळच्या मुर्रीत आमच्या घरासमोर मनिराम येडे राहतो. त्याची गर्द निळी टॅक्सी गावात सगळ्यांना माहीत. लग्नाला गाडी हवी असली की लोक आधी त्याच्याच दारात यायचे, कारण नवरदेव त्या गाडीतून उतरला की वरात जरा भारी दिसायची. गाडी धुताना मनिराम दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. त्याची बायको दुर्गाबाई अंगणातून मला ऐकू येईल अशी बोलायची, "पोरीले कधी आंघोळ घातली नाही या मानसानं, अन् गाडीले रोज घालते."

मग त्याची नजर जाऊ लागली. आधी समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. मग बाजूने आलेली सायकल दिसेना. एकदा देवरीच्या रस्त्यावर बकऱ्यांचा कळप अगदी चाकापुढे आला तेव्हा कुठे त्याला कळलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंब घालून सांभाळायची. राहिलं होतं ते म्हणजे उजेड आणि धूसर आकार.

घरी आल्यावर त्याने किल्ली दुर्गाबाईच्या हातात दिली. "इकून टाक," म्हणाला.

दुर्गाबाईने गाडी विकली नाही. मुलगी चंचल नागपुरात नर्सिंग शिकत होती आणि घर या गाडीवरच चालत होतं. चाळिशी उलटलेली ही बाई मोटार शिकायला जाऊ लागली. तिच्यासोबत शिकणारी सगळी पोरं मिशा फुटू लागलेली. एकदा वळवताना तिने माझ्या फाटकाचा खांब पाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाई पदर खोचून सिमेंट कालवत होती. खांब तिनेच उभा केला, आणि आधीपेक्षा सरळ केला. पुढे लायसन्स मिळालं, दवाखान्याच्या फेऱ्या मिळू लागल्या, आणि ती गोंदियाच्या गर्दीतून आरामात गाडी काढू लागली.

मनिराम मात्र खाटेवर बसला तो बसलाच. त्याला कुणी काम सांगत नव्हतं, तोही मागत नव्हता. गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी राहायची, आणि दुर्गाबाई जमेल तेव्हा तिच्यावरून फडकं फिरवायची.

मागच्या फेब्रुवारीत कामठ्याचे बकाराम त्यांच्या लेकीच्या, गुंजनच्या, पाठवणीसाठी गाडी ठरवायला आले. दुर्गाबाईच चालवणार हे ऐकून ते जरा घुटमळले.

"गाडी तं तेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"गाडी तेच. हात माहे," दुर्गाबाई म्हणाली. बकाराम हसले आणि ठरलं.

त्या वर्षी आंबा असा मोहरला होता की पानं दिसेनात. लग्नाच्या दिवशी सकाळी मी दात घासत उभा होतो. निळी गाडी ओळखू येत नव्हती. टपापासून बॉनेटपर्यंत पिवळी भुकटी बसलेली, त्यात झडलेली बारीक फुलं, आणि खाली मोहराचा चिकटा. दुर्गाबाई आंघोळ करून, नवी साडी नेसून घाईने बाहेर आली. तिने दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढला आणि दार पुसायला लागली.

खाटेवरून मनिराम ओरडला, "थांब! काय करून राहिली वं?"

"पुसून राहिली. उशीर होऊन राहिला. काऊन?"

"कोरडंच पुसते? आवाज आयक ना त्याचा. ते भुकटी म्हंजे बारीक रेतीच समज. दाबून घासली का रंगावर ओरखडे."

दुर्गाबाईचा संयम सुटला. "मंग तुमीच या ना! खाटेवर बसून कायले सांगता?"

बोलून गेली आणि तिचाच चेहरा उतरला. मीही तोंडात ब्रश धरून तसाच उभा. मनिराम उठला, भिंतीला हात लावत नळापर्यंत गेला आणि पाइप चाचपून काढला.

"गाडी सावलीत घे," तो म्हणाला. "ऊन आलं बॉनेटवर. तापल्या पत्र्यावर साबन सुकते."

तिने गाडी घराच्या भिंतीच्या सावलीत घेतली. मनिरामने टपावरून पाणी सोडलं, जोर न लावता, नुसतं वाहतं. बराच वेळ त्याने फडक्याला हात लावला नाही. पिवळे ओघळ दारांवरून खाली उतरत राहिले. वायपरच्या खाचेत फुलं अडकल्याचं दुर्गाबाईने सांगितलं, ती त्याने बोटांनी वेचून काढली. मग गाडीचा शॅम्पू मागितला.

"कपड्याची पावडर नोको आनू," त्याने बजावलं.

एका बादलीत फेस, दुसऱ्यात साधं पाणी. मऊ फडकं फेसात बुडवायचं, वरून खाली हलकंच न्यायचं, साध्या पाण्यात खळखळून काढायचं, मग पुन्हा फेसात. दाबायचं नाही. पाण्याने सगळं धुऊन झाल्यावर तो ओल्या पत्र्यावरून बोटं फिरवू लागला. एका जागी थांबला.

"इथं चिकटून राहिलं."

दुर्गाबाईने वाकून पाहिलं. खरंच होतं. तिथे त्याने ओलं फडकं ठेवून दिलं आणि चिकटा मऊ होईपर्यंत हात लावून उभा राहिला. नखाने खरवडला नाही. तो चिकटा सुटला तेव्हा स्वतःशीच "हां" म्हणाला. पूर्वी गाडी धुताना यायचा तो "हां" मी कितीतरी महिन्यांनी ऐकला.

गाडी सुकवून झाली तेव्हा तिच्यात आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. दुर्गाबाईची नवी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. ती तशीच गाडीत बसली.

कामठ्याला उशीर झाला नाही, कारण नवरदेवच उशिरा आला. पाठवणीत गुंजन रडरड रडली, आणि गाव मागे पडल्यावर डोळे पुसून पुढे वाकली. "काकू, मलेही शिकाची आहे गाडी," म्हणाली. नवरा शेजारी होता, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे दुर्गाबाईने आल्यावर आम्हाला हसत हसत सांगितलं. मग ती मनिरामजवळ बसली.

"दारावर ओरखडे पडले जी. सकाळी मीच पाडले."

"कुठं?"

तिने त्याचं बोट नेऊन तिथे ठेवलं. त्याने चाचपलं. "मले तं काही लागत नाही."

"पन दिसते."

"मले दिसत नाही," मनिराम म्हणाला. "तूच पाहत बस आता." आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळीच गाडीपाशी असायचा. मोहराच्या दिवसांत ती भुकटी तशीच राहू द्यायची नाही, दव पडलं की डाग धरतो, असं तो म्हणे. हळूहळू गल्लीतल्या दोन-चार गाड्याही त्याच्याकडे येऊ लागल्या. मोहर संपला, धुळीचे दिवस आले, मग राइस मिलची काळी राख. काम चालूच राहिलं. नजर तेवढीच आहे. डोळ्यांत थेंब घालायची वेळ दुर्गाबाई चुकू देत नाही, आणि संध्याकाळी फेरीवरून आली की रस्त्याचं सगळं त्याला सांगते, कुठे नवा पूल झाला, कुणाच्या धानाला लोंब्या आल्या.

दिवाळीत चंचल आली तेव्हा म्हणाली, "बाबा, गाडीसाठी पत्र्याचं शेड टाकू ना अंगणात. रोजचं धुनं वाचंल."

"कायले?" मनिराम म्हणाला. "मी काय करू मंग?"

गेल्या रविवारी मीही माझी गाडी घेऊन गेलो. तेव्हाच बाजारातून आलो होतो. मनिरामने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"तापली आहे, गुरुजी. थंडी होऊ द्या. बसा."

दुर्गाबाईने आतून चहा आणला. आम्ही खाटेवर बसलो, आणि गाडी निवेपर्यंत तो मला कामठ्याच्या त्या लग्नाची गोष्ट पुन्हा सांगत राहिला.