इंजिनाच्या खोलीला पडदे

हाउकिनिएमी गावाच्या सरोवरकाठी हिवाळा ओइवाच्या हातून येतो, असं आम्ही म्हणतो. बर्च झाडांची पिवळी पानं पाण्यावर पसरली की तो धक्क्याधक्क्यानं फिरायला लागतो. शहरातून उन्हाळ्यापुरते येणाऱ्यांच्या बोटी, शेजाऱ्यांच्या बोटी, चर्चची लांब होडी, सगळ्या एकेक करून पाण्याबाहेर येतात, ओंडक्यांवर बसतात आणि ताडपत्रीखाली झोपतात. त्याची स्वतःची बोट सगळ्यांत शेवटी. ती वर आली की आम्ही खिडक्यांच्या दुहेरी काचांमध्ये कापूस भरतो आणि सरोवराकडे पाठ करतो.

तरुणपणी ओइवा लाकडांचे तराफे ओढणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. त्या बोटी माणसाच्या चालीपेक्षा सावकाश जात. तिथं राहून तो सावकाश झाला, की सावकाश होता म्हणून त्याला तिथं घेतलं, हे आता कोणी सांगू शकत नाही. लग्न त्यानं केलं नाही. धाकटी बहीण ताइमी शेजारच्या घरात राहते आणि त्याच्या वाटचं बोलणंही तीच बोलून घेते.

आमच्याकडे माणसाला सरळ प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या घरात बूट घालून शिरणं. इथं माणूस पावसाबद्दल बोलतो, सरपणाबद्दल बोलतो, आणि ऐकणाऱ्यानं त्यातून आपलं काय ते उचलायचं असतं. ओइवा तर आमच्यातही जास्तच आडून बोलणारा. बोट विकायची का असं कोणी विचारलं, तर तो म्हणतो, बोट आहे खरी.

समोर कुइक्का बेट आहे. तिथं एल्मा राहते, एकटी. नवरा गेल्यावरही तिनं बेट सोडलं नाही. उन्हाळ्यात बोट आहे, भर हिवाळ्यात बर्फावरून चालत येता येतं. पण मध्ये काही आठवडे असे असतात की बर्फ बोटीला वाट देत नाही आणि माणसाचा भार घेत नाही. त्यांना आम्ही नुसतं मधले दिवस म्हणतो. मधल्या दिवसांत बेटावरच्या माणसाला काही झालं, तर आम्ही किनाऱ्यावरून त्याच्या धुराड्याकडे बघत बसतो. दुसरं काही करता येत नाही.

यंदा सप्टेंबरात एल्मा सॉनाच्या पायरीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात लाकडाचा भारा धरण्याची ताकद आली नाही. मधले दिवस ती बेटावर एकटीच काढणार की इकडे येणार, एवढीच गोष्ट त्या शरद ऋतूत ओइवाच्या मनात होती. ती त्यानं कोणालाच सांगितली नाही आणि सगळ्या गावाला ठाऊक होती.

त्याचं कारण मागची खोली. ओइवाच्या बोटीचं मागे अडकवायचं इंजिन दरवर्षी हिवाळाभर घरातच, त्या मागच्या खोलीत असायचं, उबेत. यंदा त्यानं ती खोली रिकामी केली, फरशी घासली, भिंतींना रंग दिला, पलंग आणला. इंजिन टांगायचा लाकडी घोडा त्यानं बाहेरच्या थंड पडवीत नेऊन ठेवला.

"खोली कोणासाठी?" ताइमीनं विचारलं. तिला विचारायला लाज वाटत नाही.

"इंजिनासाठी," ओइवा म्हणाला.

"इंजिनाचा घोडा तर पडवीत नेलास."

"पुढेमागे आणीन परत."

"आणि इंजिनाला पडदे कशाला? त्याला उजेडानं झोप येत नाही का?"

ओइवानं पडदे काढले नाहीत. निळ्या चौकड्यांचे होते, त्यानं स्वतः दुकानातून आणलेले. दुकानात त्यावर आठवडाभर गप्पा झाल्या.

नोव्हेंबरात एका सकाळी काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरला. त्या दिवशी ओइवानं आपली बोट रुळांवरून वर ओढली, इंजिन उतरवलं आणि पाण्यानं भरलेल्या पिंपाच्या कडेला अडकवून सुरू केलं. इंजिन गरम झालं, पिंपातलं पाणी घुसळून गढूळ झालं. यापुढचं काम म्हणजे चालत्या इंजिनाला तेल पाजायचं. हवेच्या तोंडातून तेल सोडलं की इंजिन खोकतं, निळा धूर ओकतं आणि आपोआप बंद पडतं. आत सगळीकडे तेलाचा लेप बसतो, गंज चढत नाही. एकदा तेल पाजलं की ते इंजिन वसंतापर्यंत कोणी जागं करत नाही.

तेलाची बाटली हातात घेऊन ओइवा बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं बाटली खाली ठेवली, इंजिन बंद केलं आणि एल्माला फोन लावला.

"इंजिन पिंपात लावलंय," तो म्हणाला.

"हो का."

"काठाला काच धरलीय."

"इकडेही धरलीय. बदकं गेली."

"मग आता तेल पाजीन म्हणतो."

"वेळेवर केलेलं बरं."

"मग बोटीनं यायचं जमणार नाही."

"नाहीच जमणार," एल्मा म्हणाली. "मीसुद्धा आज पंपातलं पाणी काढून टाकलं. स्वयंपाकघरातल्या."

"चांगलं केलंस. पाणी राहिलं की गोठून लोखंड फुटतं."

"फुटतं ना," एल्मा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ओइवानं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि त्याला तेल पाजलं. निळा धूर अंगणभर झाला, इंजिन दोनदा आचके देऊन गप्प झालं. त्यानं प्लग काढले, आत तेल सोडलं, दोरी हलकेच ओढून ते सगळीकडे फिरवलं. खालचं गिअरचं तेल डब्यात काढून उजेडात धरलं. ते दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावलं. मग इंजिन पडवीतल्या घोड्यावर उभं टांगलं आणि खाली पत्र्याचा डबा ठेवला. आतलं उरलंसुरलं पाणी थेंब थेंब डब्यात पडू लागलं. ओइवा शेजारी ओंडक्यावर बसून ते ऐकत राहिला.

ताइमी थर्मासमध्ये कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली. भावाचा चेहरा बघून ती ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"राहणार म्हणते ती बेटावरच," ओइवा म्हणाला.

"असं म्हणाली?"

"असं कोण म्हणतं? पण कळलं. वेळेवर केलेलं बरं म्हणाली. तिनंही आपली हिवाळ्याची कामं उरकलीत. पंपातलं पाणी काढलं म्हणाली."

ताइमीचा पाव तोंडाजवळ थांबला. "कुठल्या पंपातलं?"

"स्वयंपाकघरातल्या. दुसरा कुठला आहे तिच्याकडे?"

"तू काढतोस हिवाळ्यात आपल्या घरातलं पाणी?"

"मी कशाला काढू? घरात चूल पेटलेली असते."

"आणि हे इंजिन? इतकी वर्षं त्याच्याखाली डबा ठेवून बसायचास?"

"तेव्हा ते उबेत असायचं. आता थंडीत..."

डब्यात एक थेंब पडला, मग आणखी एक.

ताइमीनं थर्मासचं झाकण लावलं. "जन्म गेला तुझा पाणी काढण्यात," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या कोणी काढलं तर का ते कळत नाही."

ओइवानं फोन लावला.

"काय करतेस?"

"बसलेय," एल्मा म्हणाली.

"कुठं?"

"धक्क्यावर."

"थंडी असेल."

"घरात आहे तेवढीच."

ओइवाला इतक्या घाईत आम्ही कधी पाहिलं नव्हतं. इंजिन घोड्यावरून उतरलं. गिअरमध्ये तेल, टाकीत पेट्रोल. बोट पाण्यात गेली. पातळ बर्फ लाकडाला सुरीसारखा कापतो, म्हणून ताइमीनं पुढच्या टोकाला दोन जुन्या फळ्या बांधल्या. ओइवानं दोरी ओढली. इंजिन हललं नाही. आत तेलच तेल होतं. त्यानं प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले, पुन्हा ओढली. दुपार उतरत होती, आणि वारा पडल्यामुळे पाणी गोठायला मोकळं झालं होतं. ताइमीनं प्लग मागून घेतले, घरात जाऊन चुलीवर तापवले आणि एप्रनमध्ये गुंडाळून धावत आणले.

"गरम आहेत. बोटं भाजतील."

"भाजू देत."

त्यानंतर मात्र इंजिन पेटलं. दुकानाच्या खिडकीतून आम्ही पाहिलं ते असं: करड्या पाण्यावरून निळ्या धुराचा एक भलामोठा ढग बेटाकडे चाललाय आणि त्याच्या पुढे बोट असावी. काचा फुटल्यासारखा बर्फाचा आवाज किनाऱ्यापर्यंत येत होता. एकानं फक्त म्हटलं, तेल पाजलेलं दिसतंय.

एल्मा धक्क्यावर पालथ्या बादलीवर बसली होती. शेजारी एक पिशवी, टोपलीत मांजर आणि घोंगडीत गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. पुढचं तिनंच ताइमीला सांगितलं आणि ताइमीनं सगळ्यांना.

"धूर फार करतोस," एल्मा म्हणाली.

"तेल जास्त झालं."

"ओतायला कोणी सांगितलं?"

"तूच म्हणालीस, वेळेवर केलेलं बरं."

"म्हणाले असेन."

येताना त्यांनी जाताना फोडलेल्या वाटेनंच बोट आणली. त्या वाटेवर मागे पुन्हा पापुद्रा धरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेटापर्यंत सगळं पांढरं झालेलं होतं.

ओइवानं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. पिंप, तेल, धूर, प्लग, ग्रीस. एल्मा मागच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून बघत होती. ताडपत्रीची एक दोरी सैल दिसली तेव्हा तिनं काचेवर टकटक करून बोटानं दाखवली.

"पडदे चांगले आहेत," जेवताना ती म्हणाली.

"इंजिनासाठी आणले होते."

"त्याला आवडले असते," एल्मा म्हणाली आणि तिनं राईच्या पावाला लोणी लावलं.

पुढच्या हिवाळ्याबद्दल त्यांच्यात एक अक्षरही झालं नाही. मे महिन्यात बर्फ फुटला आणि किनाऱ्यावरची पहिली बोट, ओइवाची, पाण्यात गेली. त्यानं एल्माला, मांजराला आणि घड्याळाला बेटावर सोडलं. एल्मानं खिडक्या उघडल्या, बटाटे लावले. कोरडा पडलेला पंप चालू करायचा तर वरून मगभर पाणी ओतून तो धरवावा लागतो. काम क्षणाचं आहे; घर सोडताना तेच पाणी पुन्हा काढावं लागतं, एवढंच. ओइवानं विचारलं, पंप धरवून देऊ का.

"राहू दे," एल्मा म्हणाली. "सरोवर जवळ आहे."

तो सगळा उन्हाळा ती बादलीनं पाणी आणत राहिली, मनगट बरं झाल्यावरही. आठवड्याला ओइवा किराणा घेऊन जायचा तेव्हा दारात ती ओली बादली असायची. तो बादलीकडे बघायचा, पावसाबद्दल दोन शब्द बोलायचा आणि परत यायचा. ऑगस्टमध्ये त्यानं पडवीच्या भिंतीला आतून फळ्या ठोकल्या आणि इंजिनाचा घोडा तिथं खिळ्यांनी कायमचा पक्का केला.