वीस वेळा प्लग काढायचा होता

शिरूरच्या एका छोट्या कॉलेजात मी कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचो, त्या काळातली ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेली बारा मशिनं कॉलेजनं आणली होती आणि त्यांचा मी रखवालदार, डॉक्टर आणि झाडूवाला असा सगळाच होतो. विजेचा नेम नव्हता. वीज गेली की सगळं धाडकन बंद पडायचं, आणि आली की मधलं मोठं मशिन आपली हार्डडिस्क पहिल्यापासून तपासत बसायचं. पाऊण तास. पोरं हाताची घडी घालून समोर बसलेली, पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलानं सरकतायत, आणि प्रॅक्टिकलचा तास संपतोय. मी त्या मशिनला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्यात की माणूस असतं तर केव्हाच राजीनामा देऊन गेलं असतं.

त्या मशिनवर एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम होती. मशिनचा सगळा कारभार पाहणारा प्रोग्रॅम तो, आणि त्याच्या पोटातला मुख्य भाग म्हणजे कर्नल. सीडी एका मित्रानं दिली होती. ती सिस्टिम कुणी बनवली हे वाचलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. कंपनी नाही, पगार नाही. जगभरचे लोक आपापली नोकरी संपवून, घरची कामं आटोपून ती लिहीत होते. असलं काही असतं यावर माझा विश्वासच बसेना. आमच्याकडं गावच्या हापशाचा वायसर बदलायला कुणी फुकट पुढं येत नाही.

हे लोक एकमेकांशी ईमेलच्या यादीवर बोलायचे. कुणीही वाचावं, कुणीही बोलावं. कॉलेजच्या मोडेमवर, टेलिफोनची लाइन रिकामी असेल तेव्हा, मी ती यादी वाचायचो. त्यातूनच मला कळलं की कर्नलमध्ये नवीन गोष्ट कशी शिरते. एक जण ती लिहितो आणि सगळ्यांसमोर ठेवतो. दुसरा ओळ न् ओळ वाचून खोड्या काढतो. मग कुणीतरी आपल्या मशिनवर ती चालवून पाहतो आणि तसं लिहून देतो. मग ज्या मोजक्या लोकांकडं किल्ली असते त्यांच्यातला एक जण ती आत घेतो, तीही आधी फक्त हौशी लोकांच्या आवृत्तीत. काही आठवडे कुणी ओरडलं नाही, तरच ती सगळ्यांच्या, भरवशाच्या आवृत्तीत जाते.

एके दिवशी उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसानं यादीवर लिहिलं, की त्यानं कर्नलसाठी एक नवीन सोय तयार केलीय. वीज अचानक गेली तरी मशिन परत येताना एका मिनिटात उभं राहील. मी ते तीनदा वाचलं. हा माणूस शिरूरला येऊन गेला की काय असं वाटलं. खाली त्यानं विचारलं होतं, अमुक एका जातीचं डिस्क कार्ड कुणाकडं आहे का? हे कार्ड म्हणजे मशिन आणि हार्डडिस्क यांच्या मधला निरोप्या. त्या जातीवर त्याला चाचणी करून हवी होती.

तेच कार्ड माझ्या मशिनमध्ये होतं. मी घाबरत घाबरत चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर. दोन महिने मी असा माणूस शोधतोय, तुमचे फार आभार, असं. मला, लॅबच्या रखवालदाराला. मी खुर्चीत बसलो तो उठेचना. काय करायचं ते त्यानं नीट लिहिलं होतं. मोठी फाइल कॉपी करायला लावायची, आणि कॉपी चालू असतानाच भिंतीवरचा प्लग काढायचा. मशिन परत सुरू करून सगळं जागेवर आहे का पाहायचं. असं वीस वेळा. वीस का, तर चूक असली तर ती नेमक्या क्षणालाच सापडेल, एकदोनदा काढून कळायचं नाही.

नवीन कर्नल तयार व्हायला अख्खी सकाळ गेली. मग कॉपी लावली आणि प्लग काढला. परत लावला. एका मिनिटात मशिन उभं. मी लॅबमध्ये एकटाच टाळ्या पिटत होतो. दुसऱ्यांदा काढला, तरीही उभं. मग पोरांचा तास आला, मग परीक्षा आल्या, आणि ते राहिलं.

आठवडाभरानं त्याचं पत्र. नवीन गोष्टी आत घ्यायची मुदत उद्या संपतेय, ते वीस कसे झाले?

मी लिहिलं, वीसही व्यवस्थित.

हे लिहिताना मला काहीही वाटलं नाही, आणि आज मला सर्वात जास्त हादरवणारी गोष्ट हीच आहे. आमच्याकडं कुणाच्या घरी गेलं आणि जेवायचं विचारलं, तर उपाशी माणूसही जेवूनच आलोय म्हणतो. पंचनामा होतो तेव्हा पंच म्हणून सही करणारे दोघं बहुतेक वेळा त्या जागी नसतातच. निमोण्याला आमच्या चुलत्यांच्या बांधावरच्या झाडाचा पंचनामा झाला, त्यावर माझी सही आहे. झाड मी कधी पाहिलं नाही. समोरच्यानं एवढ्या आदरानं विचारलंय तर नाही म्हणून त्याला तोंडावर कशाला पाडायचं, एवढाच काय तो विचार. त्यात दोनदा चाललं होतंच की. जे दोनदा चालतं ते वीसदा चालणार, असा माझा हिशेब.

दोन दिवसांनी ती सोय आत गेली. प्रत्येक बदलाची एक कायमची नोंद असते, कुणी लिहिलं, कुणी वाचलं, कुणी तपासलं. त्या नोंदीत तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. गावासकट, आणि पुढं त्या कार्डाचं नाव, 'वीस वेळा'. मी ते छापून घेतलं आणि रविवारी दौंडला गेलो.

माझे वडील, आबा, रेल्वेत गेटमन होते. खुटबावच्या बाजूला रुळावरचं एक फाटक त्यांच्याकडं होतं. आमच्या वस्तीतला रेल्वेत लागलेला पहिला माणूस. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये त्यांनी तो कागद हातात घेतला, माझं नाव तेवढं ओळखलं आणि विचारलं, "म्हंजी हे काय हाय?"

मी समजावलं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं चालवून सांगायचं, मग आत घ्यायचं. मला वाटलं डोक्यावरून जाईल. पण आबांनी मान हलवली.

"आमच्यावानीच हाय की," ते म्हणाले. "टेशन मास्तर फोन करतो, गाडी येतीय. मी फाटक लावायचं, कुलूप घालायचं, आन् मंग माझ्या कागदावरचा नंबर त्याला सांगायचा. नंबर मिळाला की तो समजतो फाटक बंद. तवा सिग्नल. त्याला कुठं फाटक दिसतंय? तो नंबरावरच गाडी सोडतो."

"व्हय, तसंच."

"म्हंजी तुजा नंबर घेऊन त्यांनी सिग्नल दिला."

"व्हय."

"वीसबी डाव बघितलं न्हवं नीट?"

"व्हय आबा," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं. आबांनी तो कागद कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला लावला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

पुढं काही आठवडे कुणी ओरडलं नाही. ओरडणार कोण? ते कार्ड असलेला यादीवर मी एकटाच, आणि माझ्या मशिनवर मी पुन्हा प्लगला हात लावला नव्हता. योगायोग बघा, त्या दिवसांत शिरूरची वीजही शहाण्यासारखी वागत होती. ती सोय भरवशाच्या आवृत्तीत गेली.

मग एका सकाळी यादीवर एका मुलीचं पत्र आलं. ती कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठात शिकत होती. एक अख्खा पावसाळा ओढ्याकाठी बसून तिनं बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. ते सगळे ज्या मशिनवर होते त्याची वीज गेली, आणि मशिन एका मिनिटात उभं राहिलं, अगदी सांगितल्यासारखं. फक्त आत फाइली नव्हत्या. दुसरी प्रत होती ती पावसाळ्याच्या आधीची. तिनं कुणाला दोष दिला नव्हता. एवढंच लिहिलं होतं, की माझ्याकडं तेच कार्ड आहे, आणि नोंदीत ते वीस वेळा तपासलंय असं वाचून मी निर्धास्त होते.

मी मोडेम बंद केला, परत लावला, परत वाचलं. पत्र तेच होतं.

मला वाटलं आता मला धरतील. धरलं नाही. सोय त्याच दिवशी बाहेर काढली गेली, आणि तो थंड देशातला माणूस स्वतःचा कोड तपासायला लागला. रोज यादीवर लिहायचा, आज हे पाहिलं, आज ते पाहिलं, इथं चूक नाही. मला त्यानं एकच विचारलं, तुमच्या कार्डात आणि तिच्या कार्डात काही फरक असेल का, कारण तुमच्याकडं तर वीसही वेळा चाललं. दहा दिवस तो शोधत होता. त्याला स्वतःवर शंका आली, कार्डावर आली, बनवणाऱ्यावर आली. माझ्यावर आली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडलो असतो, तेवढा तापट मी आहे. पण हा माणूस माझ्या शब्दाला धरून स्वतःला सोलत होता, आणि ते मला बघवेना.

अकराव्या दिवशी मी खुटबावला आबांच्या फाटकावर गेलो. दुपार होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोनदाच प्लग काढला, वीस म्हणून लिहिलं, तुम्हालाही खोटं सांगितलं.

आबा काही बोलणार तोच फोन वाजला. त्यांनी ऐकलं, बाहेर गेले, फाटक खाली घेतलं. उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथलंही ओढून पाहिलं. मग आत येऊन नंबर सांगितला. मालगाडी गेली. फाटक उघडून परत आले तेव्हाही माझ्याकडं बघितलं नाही.

"फाटक न लावता नंबर दिलास," ते हळू म्हणाले.

मी मान हलवली.

"त्या मानसाला कळीवलं?"

"न्हाई."

"आदी त्याला कळीव. मंग माझ्याशी बोल."

दौंडच्या एका सायबर कॅफेत बसून मी लिहिलं. खासगी नाही, यादीवर, सगळ्यांसमोर. माफी मागितली, त्या मुलीचीही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. आता कृपया ते वीस वेळा करा. बस. मी खाली आणखी काही आहे का पाहत राहिलो. नव्हतं.

पुढच्या रेस्टला, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीला, आबा सकाळच्या एसटीनं शिरूरला आले. न सांगता. लॅबमध्ये येऊन विचारलं, "प्लग कुठला?" मी दाखवला. ते भिंतीपाशी स्टूल घेऊन बसले. मी कॉपी लावायचो, मान हलवायचो, ते प्लग ओढायचे आणि मोठ्यानं आकडा म्हणायचे. मशिन उभं राहिलं की मी फाइली मोजायचो, आणि मगच ते पुढच्या आकड्याला हात घालायचे.

दहापर्यंत सगळं जागेवर. मला आशा वाटायला लागली, खोटं कशाला बोलू, की माझा आकडा खोटा असला तरी गोष्ट खरी निघेल.

"अकरा," आबा म्हणाले.

मशिन एका मिनिटात उभं राहिलं. आत फाइली नव्हत्या.

अकरा. घड्याळ पाहिलं, जेमतेम दीड तास झाला होता. त्या आठवड्यात मी एवढाच वेळ बसलो असतो तर मलाच ते सापडलं असतं. त्या मुलीचा पावसाळा तिच्याजवळ राहिला असता.

"लिव," आबा म्हणाले. "आन् थांबू नगं. वीस म्हंजी वीस."

चूक मग दोन दिवसांत सापडली. ते कार्ड डिस्कवर लिहायच्या आधीच लिहिलं म्हणून सांगत होतं. वाचलं तेव्हा मी एकटाच कसनुसा हसलो. कार्डाच्या शब्दावर न थांबता खात्री करून घ्यायची, असा बदल त्या माणसानं केला आणि विचारलं, तपासाल का? मलाच विचारलं. यावर काय म्हणावं हे मला आजही कळलेलं नाही. आबा पुन्हा आले, वीस वेळा प्लग ओढला. वीसही टिकले. नाव कुणाचं घालू असं त्यानं विचारलं, तेव्हा मी आबांचं कळवलं.

ती नोंद छापून मी शिरूरच्या स्टँडवर त्यांच्या हातात दिली. इंग्रजीत आपलं नाव त्यांना ओळखता यायचं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"आन् ते आदीचं, तुजं? खोडलं का?"

"न्हाई आबा. खोडता येत न्हाई. कायमचं ऱ्हातं."

"बरं हाय." मग विचारलं, "त्या पोरीची बेडकं?"

"गेली ती."

दौंडची गाडी लागली होती. आबांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. क्वार्टरमधल्या खिळ्यावरचा, माझ्या नावाचा. तो आणि आत्ताचा, दोन्ही माझ्या हातात ठेवले, "दोनी संगंच ठिव" म्हणाले आणि गाडीत चढले.