तोंडपाठकाकांची किल्ली

आमच्या इस्पितळात त्यांना सगळे तोंडपाठकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर नुसतंच 'काका'. तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत त्यांनी एकवीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एक ओळ जरी कागदावर उतरवली असेल तर शपथ. कुठली केबल कुठल्या खोक्यात जाते, कुठल्या मशीनचा पासवर्ड काय, सगळं डोक्यात. "लिहिलेलं वाचतो कोण? मला विचारा," असं म्हणायचे. आणि विचारलं की वर न बघता झटक्यात सांगायचे, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं होते. मला प्रत्येक गोष्ट टिपून ठेवायची खोड, आणि माझी वही उघडली की त्यांचं ठरलेलं, "झालं का निबंधलेखन?" मी मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहत असे. तरी खरं ते सांगते, मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. नेटवर्क बंद पडलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं, तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "आधी लॉग वाच, मग घाबर." मशीननं आपणहून टिपून ठेवलेल्या त्या नोंदी वाचून होईपर्यंत घाबरायचं राहूनच जाई.

ते निवृत्त होताना मी त्यांना विनवलं, निदान महत्त्वाचं तेवढं लिहून द्या. "फोन आहे ना माझ्याकडे?" म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. पुढचे आठ महिने फोन करायची वेळ आली नाही. त्यांचं काम होतंच तसं पक्कं.

मग एका बुधवारी आमचा वायरमन येऊन म्हणाला, मुख्य विजेच्या बोर्डातून जळका वास येतोय, शनिवारी दुपारी बारा ते पाच सगळी वीज बंद ठेवून बोर्ड बदलावा लागेल. पुढे ढकलता येणार नाही. वॉर्डांसाठी जनरेटर होता, सर्व्हरच्या खोलीसाठी मात्र फक्त बॅटऱ्या, त्याही जेमतेम चाळीस मिनिटांच्या. म्हणजे रुग्णांच्या नोंदींची साइट ज्या मशीनवर चालते ते मशीन सहा वर्षांत पहिल्यांदा बंद होणार होतं.

मी आधी रंगीत तालीम करायचं ठरवलं. एका रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवला आणि वेब सर्व्हर सुरू केला. साइटचं पहिलं पान छान आलं. एका रुग्णाची नोंद उघडली, तर नुसती गिचमीड अक्षरं. दुसरी उघडली, तीही तशीच.

कारण समजायला वेळ लागला नाही. रुग्णांच्या नोंदी डिस्कवर उघड्या ठेवत नाहीत, कुलूप लावून ठेवतात. त्या कुलपाची किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांची एक ओळ. ती प्रोग्रामच्या आत लिहायची नसते, नाहीतर प्रोग्राम ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती किल्लीही पडेल. ती प्रोग्रामला सुरू होताना बाहेरून सांगायची असते, जसं बाजारात निघालेल्या माणसाला दारातच चार गोष्टी सांगतात. डेटाबेस अमुक पत्त्यावर आहे, फोटो तमुक फोल्डरात ठेव, किल्ली ही घे. आमच्या भाषेत यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. साधारणपणे ते एका फाइलीत लिहिलेले असतात, म्हणजे मशीन पुन्हा सुरू झालं की सर्व्हर आपलं आपण वाचून घेतो.

ती फाइल मला सापडेना. बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ मी एकेक फोल्डर धुंडाळला. किल्ली मिळाली नाही तर शनिवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी लाखभर लोकांचे जुने आजार, ऑपरेशनं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं कायमचं गिचमीड होणार होतं. बॅकअप होते, पण त्यांनाही तेच कुलूप. माझी पाचावर धारण बसली.

काकांना फोन लावला. उचलला काकूंनी. "ते हल्ली फोनवर बोलत नाहीत गं. तू घरीच ये," त्या म्हणाल्या.

दार उघडल्यावर त्यांनी मला आधी स्वयंपाकघरात नेलं. चहा ठेवता ठेवता खालच्या आवाजात सांगितलं, विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणतात हे वाढतच जाणार. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांना घरचा रस्ता सापडेना. "छत्तीस वर्षं या घरातलं सगळं त्यांच्या डोक्यात. पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद होतो तेसुद्धा मला माहीत नाही. कधी गरजच पडली नाही," काकू म्हणाल्या. काकांवर इतकी वर्षं मनात धरलेला राग आठवून मला माझीच लाज वाटली.

काका बाहेरच्या खोलीत बसले होते. मला ओळखलं. किल्लीचं नाव काढताच चेहरा खुलला. "लिही," म्हणाले आणि डोळे मिटून सांगू लागले. एकोणीस अक्षरं झाली आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर सहावंच अक्षर वेगळं आलं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. मग एकदम काकूंवर ओरडले, "तो रेडिओ बंद कर आधी! माणसाला विचार करू देशील की नाही?" रेडिओ बंदच होता. काकूंनी जाऊन त्याचं बटण उगीच फिरवल्यासारखं केलं आणि परत येऊन बसल्या.

"मला तिथे बसव," काका मला म्हणाले. "तोंडाला नाही आठवत, हाताला आठवेल."

शुक्रवारी सकाळी दोघं रिक्षानं आले. काका आपल्या जुन्या खुर्चीत बसले, कीबोर्ड जवळ ओढला आणि तालमीच्या मशीनवर टाइप करू लागले. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. पाचव्यांदा चुकल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "काका, कुठल्या फाइलीत ठेवली होती तेवढं आठवतंय का?"

"फाइलीत नाहीच ती. हातानं टाइप केली, आणि तिथूनच सर्व्हर सुरू केला. फाइलीत नंतर घालू म्हटलं." मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "मशीन बंद पडलंच नाही कधी. मग ते नंतर आलंच नाही."

सहा वर्षं मशीन अखंड चालल्याचा त्यांना केवढा अभिमान होता! आणि त्या अभिमानापायीच आज ही वेळ. मला संतापही आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही. काकू दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मशीनचे पंखे घरघरत होते.

मग काकांनी मान वळवून पलीकडच्या रॅककडे पाहिलं. "जुनं मशीन चालू आहे ना अजून?"

"हो, उद्या बारापर्यंत."

"मग मला काय विचारतेस, मुली? त्यालाच विचार की!" आवाज अगदी पूर्वीचा. "सुरू होताना त्याला जे सांगितलं ते चालू असेपर्यंत त्याच्याजवळ असतं. वेब सर्व्हरच्या प्रोसेसचा नंबर काढ. आता त्या नंबरचं फोल्डर बघ. आत एन्व्हायर्न नावाची फाइल आहे, ती वाच." एका दमात सगळा आदेश सांगितला, एका चिन्हाची चूक न करता. किल्ली विसरलेल्या माणसाला किल्ली कुठे शोधायची ते लख्ख आठवत होतं.

पडद्यावर अकरा ओळी आल्या. सातवी किल्ली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन दिवस मी डिस्क उपसत होते, आणि ती चालत्या प्रोसेसपाशी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामपाशीच, सुखरूप बसली होती. तालमीच्या मशीनला ती दिली, एक नोंद उघडली. नाव, वय, रक्तगट, सगळं स्वच्छ. मी टाळीच वाजवली. अकराच्या अकरा ओळी फाइलीत घातल्या, फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये असं केलं, आणि एक प्रत पाकिटात बंद करून अधीक्षकांकडे ठेवायला दिली.

काका हसले नाहीत. जुन्या मशीनच्या हिरव्या दिव्यांकडे बघत म्हणाले, "आज विचारलं म्हणून बरं."

"हो ना. बंद झालं असतं तर मग काही सांगू शकलं नसतं ते," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पण काका माझ्याकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते. काकूही त्यांच्याकडे.

शनिवारी बोर्ड बदलला. पाच वाजून दहा मिनिटांनी वीज आली, मशीननं आपलं आपण फाइल वाचली आणि साइट उभी राहिली. रविवारी सकाळी हेच सांगायला मी त्यांच्या घरी गेले.

दोघं जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसले होते. काकूंच्या पुढे वही, हातात पेन. "बस," काका मला म्हणाले. "हिला म्हटलं, मी चालू आहे तोवर विचारून घे." आणि पुढे सांगू लागले. मुख्य नळ जिन्याखाली, फळीच्या मागे, उजवीकडे फिरवला की बंद. घराचे कागद कपाटात निळ्या फाइलीत. फ्यूज गेला तर कुणाला बोलवायचं. काकू एकेक ओळ लिहून मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. असं चार पानं चाललं.

मग काकूंनी पान उलटलं. कोऱ्या पानावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "घराचं झालं. आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"तुम्हाला काय हवं असतं, काय चालत नाही. बरंचसं मला ठाऊक आहे. पण पुढे तुम्हाला सांगता नाही आलं, आणि माझं चुकत असलं, तर मी कुणाला विचारू?"

मला वाटलं काका उठून जातील, किंवा पुन्हा ओरडतील. मग खिडकीकडे बघत त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली.

"सकाळी खिडकी उघडी लागते, थंडी असली तरी." काकूंनी लिहिलं. "मागून हाक मारली की मी दचकतो. समोर येऊन बोलायचं." तेही लिहिलं. "आणि मी ओरडलो ना कधी, तर खोलीतून जाऊ नकोस. ओरडत असलो तरी तू तिथे असलेली मला हवी असतेस."

काकूंचं पेन थांबलं. छत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते ओरडले की त्या एरवी उठून आत जात आल्या होत्या, त्यांनाच बरं वाटावं म्हणून. डोळे पुसून त्यांनी ती ओळ लिहिली, वाचून दाखवली, आणि विचारलं, "पुढे?"